जबाबदारी आधी, पद मागाहून

जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातले माइसेन हे गाव चिनी मातीच्या भांड्यांसाठी तीन शतके प्रसिद्ध आहे. २००७ सालच्या उन्हाळ्यात तिथे एका निराळ्या विषयाची शाळा भरली. डोमेन नावे आणि इंटरनेटचे पत्ते कोण वाटते, त्यावरून सरकारे, कंपन्या आणि तंत्रज्ञ यांच्यात वाद कुठे चालतात, ते कोणत्या रीतीने मिटतात, हे तरुण वकील, अभियंते आणि अधिकारी यांना एका वर्गात बसवून शिकवायचे, ही कल्पना वोल्फगांग क्लाइनवेख्टर या प्राध्यापकांची. तिचे अनुकरण लवकर झाले. २००९मध्ये ब्युनोस आयर्सला, २०१३मध्ये आफ्रिकेत आणि २०१६मध्ये हैदराबादला अशा शाळा निघाल्या. तोपर्यंत इंटरनेटची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या आयईटीएफच्या बैठकांना विकसनशील देशांतल्या तरुणांना नेणारी फेलोशिप सुरू झाली होती, डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅनचीही झाली होती, आणि इंटरनेट सोसायटीने तर ‘नेक्स्ट जनरेशन लीडर्स’ याच नावाचा कार्यक्रम काढला होता. पंधराएक वर्षांत नेतृत्व शिकवणे हा एक व्यवसायच उभा राहिला. या शाळा निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. पण इंटरनेटच्या पन्नासहून अधिक वर्षांचा इतिहास पाहिला तर ज्यांनी खरोखर वाट दाखवली, त्यांच्या हाती आधी एखादे अवघड काम आले होते. पद नंतर मिळाले, आणि शिकणे त्या कामाच्या ओघात झाले. ज्या प्रशिक्षणाने हा क्रम पाळला त्यातून माणसे उभी राहिली. ज्याने तो उलटा केला त्यातून बहुतांशी प्रमाणपत्रे निघाली.

आरंभ पाहू. १९६८-६९मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या आर्पा या संस्थेने संगणक जोडणाऱ्या यंत्रांचे कंत्राट मॅसॅच्युसेट्समधल्या बीबीएन या कंपनीला दिले. यंत्रे कोण बनवणार ते ठरले; पण दोन टोकांचे संगणक एकमेकांशी नेमके काय आणि कसे बोलणार, हे कोणीच ठरवले नव्हते. या जाळ्यात जोडायच्या पहिल्या चार ठिकाणच्या प्राध्यापकांनी ते काम आपल्या विद्यार्थ्यांवर सोपवले. यात दूरदृष्टीपेक्षा, हा भाग फारसा महत्त्वाचा वाटला नाही हेच कारण मोठे असावे. विद्यार्थी भेटत राहिले आणि देशाच्या पूर्वेकडून कोणी जाणती, अनुभवी मंडळी येऊन सूत्रे हाती घेतील अशी वाट पाहत राहिले. कोणी आले नाही. मग लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या स्टीव्ह क्रॉकर या चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने चर्चेच्या नोंदी क्रमांक घालून लिहायला घेतल्या. घरातल्यांची झोप मोडू नये म्हणून पहिली नोंद त्याने रात्री न्हाणीघरात बसून लिहिली. तिची तारीख ७ एप्रिल १९६९. कोणीही लिहावे, अर्धवट विचारही चालतील, उत्तर सापडले नसेल तर नुसता प्रश्न मांडला तरी हरकत नाही, असा त्या नोंदींचा रिवाज पडला. आज हजारोंच्या संख्येने असलेल्या आरएफसी नावाच्या दस्तऐवजांची ही मालिका तिथून सुरू झाली, आणि इंटरनेटचे अलिखित संविधान म्हणावे ते याच नोंदींतून घडले. त्याच विद्यापीठातल्या जॉन पोस्टेल या विद्यार्थ्याने नोंदींचे संपादन आणि वापरातल्या क्रमांकांची वही सांभाळायला घेतली. १९९८मध्ये मृत्यू येईपर्यंत तो ती सांभाळत होता, आणि तिच्यातूनच इंटरनेटच्या नावांचा व पत्त्यांचा जागतिक कारभार वाढला. क्रॉकर पुढे आयकॅनच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष झाले, पण ते २०११मध्ये. न्हाणीघरातल्या त्या रात्रीला तोवर बेचाळीस वर्षे उलटली होती.

भारतातली गोष्टही फार वेगळी नाही, आणि तिचा मोठा भाग मुंबईत घडला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या संगणक विभागातून वाढलेले नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, १९८५च्या सुमारास स्वतंत्र झाले आणि जुहूला स्थिरावले. त्याचे संचालक श्रीनिवासन रमणी. १९८६मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट हा प्रकल्प हाती घेतला. त्यात पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, एनसीएसटी आणि खुद्द तो विभाग अशा आठ संस्था होत्या. जुहू आणि पवई यांच्यात साध्या टेलिफोनवरून ईमेलची ये-जा सुरू झाली ती या प्रकल्पातली पहिली जोडणी. १९८९मध्ये एनसीएसटीपासून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत ९.६ किलोबिट वेगाची भाड्याची तार आली. आजच्या मोबाइलमधला एक मेगाबाइटचा फोटो त्या वेगाने पाठवायला चौदा मिनिटे लागली असती, आणि देशभरच्या संशोधकांचा परदेशी पत्रव्यवहार त्याच तारेतून जायचा होता. अशा वेळी कोणती वाहतूक आधी सोडायची, कोणती रात्रीवर ढकलायची, कोणाला जोडणी द्यायची, हे प्रश्न एकाच वेळी तांत्रिकही असतात आणि धोरणाचेही. ते रोज सोडवणाऱ्यांना वेगळा धोरणाचा वर्ग लागत नाही. त्याच वर्षी ‘डॉट इन’ हे देशाचे डोमेन नोंदले गेले आणि त्याचा कारभारही जुहूलाच आला. विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, पण तोवर देशात ते चालवू शकणारी माणसे अर्नेटच्या उमेदवारीत तयार झालेली होती. रमणींचे नाव २०१४मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये आले. मराठी वाचकांना जुहू म्हटल्यावर चौपाटी आणि सिनेनट आठवतात. देशाच्या इंटरनेटचा दरवाजा काही वर्षे तिथेच होता, हे फारसे कोणी सांगत नाही.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो. ही सगळी माणसे मोकळ्या रानात पहिली पोहोचलेली. त्यांना जबाबदारी मिळाली कारण दुसरे कोणी नव्हतेच. आजच्या भरलेल्या क्षेत्रात तो नमुना कसा चालेल? याचे उत्तर १९९३नंतरच्या कार्यशाळांमध्ये मिळते. इंटरनेट सोसायटीने त्या वर्षी आपल्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या परिषदेला जोडून स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसनशील देशांसाठी पहिली कार्यशाळा घेतली. पुढे प्राग, होनोलुलू, माँट्रियल, क्वालालंपूर, जिनिव्हा असा तिचा फेरा झाला. जॉर्ज सॅडोस्कींसारख्यांनी तिची आखणी करताना एक गोष्ट पक्की ठेवली होती: इथे येणारा माणूस परत जाऊन आपल्या देशात जाळे उभारणार किंवा चालवणार असला पाहिजे. म्हणून शिकवण्याचा मोठा भाग प्रत्यक्ष यंत्रांवर होई. राउटर जोडायचा, बिघडवायचा, दुरुस्त करायचा. आदल्या खेपेचे विद्यार्थी पुढच्या खेपेला शिक्षक म्हणून उभे राहत. ओरेगन विद्यापीठातले नेटवर्क स्टार्टअप रिसोर्स सेंटर या लोकांना मायदेशी परतल्यावर पुस्तके, उपकरणे आणि सल्ला पुरवत असे. याच परंपरेतून घानाचे नी क्वेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली केप टाउनला आफ्रिकेतल्या जाळेचालकांचा मेळा, अफनॉग, सुरू केला. आणि आफ्रिकेला इंटरनेटचे पत्ते वाटणारी स्वतःची संस्था, अफ्रिनिक, २००५मध्ये मान्यता पावली. २००३च्या जानेवारीत काठमांडूला दक्षिण आशियाचा तसाच मेळा, सॅनॉग, भरला. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, पाकिस्तान आणि भारत यांचे तंत्रज्ञ एका खोलीत बसून एकमेकांच्या जाळ्यांच्या चुका काढतात, ही घटना आपल्या उपखंडात किती दुर्मीळ आहे ते वेगळे सांगायला नको. तेव्हा रान मोकळे नव्हते. इंटरनेट जगभर पोहोचले होते, बड्या कंपन्या आल्या होत्या. तरीही काम सोपवून शिकवण्याची पद्धत चालली.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे, आणि तो इतिहासातूनच येतो. तंत्रज्ञांच्या हाती कारभार राहिला तेव्हा तो नेहमी शहाणपणाने चालला असे नाही. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी इंटरनेटच्या मूळ सर्व्हरांपैकी आठ सर्व्हरांच्या चालकांना सांगून नावांची मूळ यादी आपल्या यंत्रावरून घ्यायला लावली. ही चाचणी होती असे ते म्हणाले. व्हाइट हाउसने तंबी दिल्यावर ती मागे घेतली गेली. हेतू चांगला असेलही, पण जगाच्या सार्वजनिक साधनाची दिशा एका सज्जन माणसाच्या एका ईमेलवर फिरू शकते, ही व्यवस्था टिकणारी नव्हती. आपल्याकडे ‘डॉट इन’ची नोंदणी २००४ अखेरपर्यंत इतक्या काटेकोर नियमांनी चालली की तोवर सुमारे सात हजारच नावे नोंदली गेली होती. २००५च्या जानेवारीपासून निक्सी या नव्या संस्थेकडे काम आले, नियम सैल झाले, आणि काही वर्षांत तीच संख्या लाखांत गेली. अभियंत्याला सुबक रचना हवी असते. दुकानदाराला आपले नाव हवे असते, हे त्याच्या लक्षात येतेच असे नाही. अफ्रिनिकची कथा तर दुःखदच. २०१९मध्ये तिथल्या पत्त्यांच्या मोठ्या साठ्याची अफरातफर उघडकीस आली. मग मॉरिशसच्या न्यायालयांत दावे लागले, संचालक मंडळाला गणसंख्या उरली नाही, आणि २०२३मध्ये न्यायालयाला संस्थेवर रिसीव्हर नेमावा लागला. ज्यांना राउटर उत्तम कळत होते त्यांच्या संस्थेला कंपनी कायदा भोवला. तेव्हा कायदा, अर्थकारण आणि राजनय यांचे शिक्षण हवे, हे मला पूर्ण मान्य आहे. माइसेनची शाळा निघाली ती याच गरजेतून.

पण ती ज्या वळणावर निघाली ते वळण समजून घेतले पाहिजे. २००३मध्ये जिनिव्हाला आणि २००५मध्ये ट्युनिसला माहिती समाजाची जागतिक परिषद झाली. इंटरनेटवर अमेरिकेचे नियंत्रण का, हा प्रश्न सरकारांनी तिथे उघडपणे विचारला. उत्तर शोधायला संयुक्त राष्ट्रांनी चाळीस जणांचा कार्यगट नेमला. त्याचे अध्यक्ष होते मुंबई विद्यापीठात शिकलेले अर्थतज्ज्ञ नितीन देसाई. त्यातून दरवर्षी भरणारा इंटरनेट गव्हर्नन्स फोरम जन्मला. त्याचे तिसरे अधिवेशन हैदराबादला डिसेंबर २००८मध्ये, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर आठवडाभराने झाले, आणि भीतीने बऱ्याच परदेशी पाहुण्यांनी येणे टाळले तरी ते पार पडले. फोरममध्ये ठराव होत नाहीत, चर्चा होते. ही त्याची ताकदही आहे, पण त्याचा एक परिणाम असा झाला की बोलणे हे स्वतंत्र कौशल्य बनले. कोणतेही जाळे न चालवणारा, कोणताही कायदा न लिहिलेला, कोणत्याही ग्राहकाची तक्रार न ऐकलेला माणूस या वर्तुळात वर्षानुवर्षे फिरू शकतो, आणि पुढच्या तुकडीला तोच नेतृत्व शिकवतो. शाळांचा खर्च बहुधा डोमेन विकणाऱ्या संस्था, मोठ्या कंपन्या आणि आयकॅनसारखे कारभारीच उचलतात. ज्यांना प्रश्न विचारायचे त्यांच्याच पैशाने प्रश्न विचारायला शिकायचे, यात काही गैर घडतेच असे नाही; पण विद्यार्थ्याला या गोष्टीचे भान तरी द्यायला हवे.

काम आणि बोलणे यांच्या या फाटाफुटीचा फटका भारताला बसला असे माझे मत आहे. ऑक्टोबर २०११मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत इंटरनेट धोरणासाठी सरकारांची एक समिती असावी असा प्रस्ताव मांडला. एप्रिल २०१४मध्ये साओ पाउलोला झालेल्या, इंटरनेटच्या कारभारावरच्या नेटमुंडियाल परिषदेतल्या निवेदनाला भारताने मान्यता दिली नाही. जून २०१५मध्ये भारताच्या मंत्र्यांनी आयकॅनच्या बैठकीत सरकार, उद्योग, तंत्रज्ञ आणि नागरिक यांच्या एकत्रित कारभाराला पाठिंबा जाहीर केला. चार वर्षांच्या आत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाण्यामागे राजकारण होते, सरकारही मध्ये बदलले. तरी तार आणि कायदा दोन्ही जाणणारी, सरकारे बदलली तरी तीच बाजू तितक्याच खोलात मांडू शकणारी माणसे दिल्लीत थोडीच होती, हेही त्यातून दिसते.

नेमक्या त्याच काळात घडलेली दुसरी घटना उलट दिशेची साक्ष देते. दूरसंचार नियामक ट्रायने २७ मार्च २०१५ रोजी इंटरनेट समानतेवर ११८ पानांचे सल्लापत्र काढले आणि वीस प्रश्न विचारले. अशी पत्रे वाचण्याचा मक्ता तोवर दूरसंचार कंपन्यांच्या वकिलांकडे होता. या खेपेला काही तरुण वकील, प्रोग्रामर, पत्रकार आणि मुंबईतली एक विनोदी मंडळी एकत्र आली. त्यांनी ते पत्र वाचले, वीसही प्रश्नांची उत्तरे लिहिली, सामान्य माणसाला ती समजतील अशा व्हिडिओतून सांगितली आणि पाठवायची सोय केली. दहा लाखांवर ईमेल गेले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळे दर लावायला मनाई केली, आणि निवडक संकेतस्थळे फुकट देणारा फेसबुकचा फ्री बेसिक्स भारतातून गेला. कोणी म्हणेल, हे आंदोलन होते, कारभार नव्हे. पण एका नियामकाच्या लांबलचक दस्तऐवजाला मुद्देसूद लेखी उत्तर देणे यापेक्षा कारभार वेगळा तो काय असतो? या लोकांना नेतृत्वाची फेलोशिप मिळाली म्हणून त्यांनी हे केले असे नाही. हातात एक मुदतबंद काम आले, ते त्यांनी अंगावर घेतले, आणि त्यातल्या काहींकडे मागाहून संस्था आणि पदे आली.

तार आणि धोरण वेगवेगळी शिकवता येत नाहीत याचे सगळ्यात जवळचे उदाहरण आपल्या अक्षरांत आहे. २०१४च्या ऑगस्टमध्ये ‘डॉट भारत’ हे देवनागरी डोमेन खुले झाले, मराठी आणि कोंकणीसह आठ भाषांसाठी. आता ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. यातला अर्धा र संगणकात दोन रीतींनी साठवता येतो: एकतर ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त घेऊन, नाहीतर साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. डोमेन नावांच्या २००३च्या जुन्या नियमांत ते अदृश्य चिन्ह गाळले जाई, म्हणजे दऱ्याचा दर्या होई आणि डोंगरात निघालेला माणूस समुद्रात जाऊन पडे. चिन्ह ठेवावे, तर सारखी दिसणारी दोन नावे दोन वेगळ्या मालकांकडे जाऊ शकतात, आणि बँकेच्या नावाने फसवणाऱ्याला आणखी एक फट मिळते. डोमेन नावांच्या मूळ यादीच्या नियमांत शेवटी अदृश्य चिन्हाला जागा नाही. मराठीची गरज ऱ या अक्षरातून भागवावी लागते. हे ठरवायला मराठी व्याकरण लागते, युनिकोड लागते, ट्रेडमार्कचा कायदा लागतो आणि आयकॅनच्या समित्यांत महिनोन्महिने बसण्याचा चिवटपणा लागतो. पुण्याच्या सी-डॅकमध्ये भारतीय लिप्यांवर अनेक वर्षे काम झाले होते म्हणूनच या चर्चेत बोलू शकणारी माणसे आपल्याकडे होती. एखाद्या आठवड्याच्या शिबिरातून ती तयार झाली नसती.

उरतो तो न्यायाचा प्रश्न, आणि शाळांच्या बाजूने तोच सर्वांत भक्कम मुद्दा आहे. उमेदवारीची पद्धत ओळखीपाळखीवर चालते. १९६९च्या त्या खोलीत अमेरिकी विद्यापीठांतले तरुण पुरुष होते. अर्नेटच्या आठ संस्थांत प्रवेश मिळण्याआधी एक अवघड परीक्षा पार करावी लागे. नांदेडच्या किंवा गडचिरोलीच्या मुलीला जुहूचे दार कोण उघडणार होते? शाळा आणि फेलोशिप निदान अर्ज मागवतात, विमानाचे तिकीट काढून देतात. हा त्यांचा खरा उपकार आहे. पण दार उघडणे आणि आत काम देणे या दोन्ही गोष्टी एकत्र होऊ शकतात. केनियाच्या डॉर्कस मुथोनी यांनी २००४मध्ये आफ्रिकेतल्या स्त्री तंत्रज्ञांसाठी अफचिक्स उभारली ती अफनॉगच्याच वर्तुळात, आणि तिथे येणाऱ्या मुली राउटरला हात लावूनच शिकल्या. मुथोनी आणि रमणी हॉल ऑफ फेममध्ये एकाच वर्षी आले.

म्हणून मागणी शाळा बंद करण्याची नाही. प्रत्येक फेलोशिपच्या शेवटी एक नेमके काम असावे, त्यावर त्या तरुणाचे नाव असावे आणि ते फसले तर त्याला उत्तर द्यावे लागावे, एवढीच आहे. महाराष्ट्रात त्यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही. सी-डॅक पुण्यात आहे, जुहूला जुन्या एनसीएसटीच्या जागी आहे, पवईला आयआयटी आहे, आणि मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर इथे राष्ट्रीय विधि विद्यापीठे आहेत. यांच्यातला एक अभियांत्रिकीचा आणि एक कायद्याचा विद्यार्थी जोडीने बसवून वर्षातून एका सल्लापत्राला उत्तर लिहायला लावावे, आणि ते त्यांच्या नावाने पाठवावे. ट्रायला लेखी मत कळवायला पदवी लागत नाही, शुल्क लागत नाही, वयाचीही अट नाही. सल्लापत्रावर शेवटची तारीख छापलेली असते. उत्तर तिच्या आत पोहोचले पाहिजे, इतकेच.